आखाजीचा एक हिशेब राहतो आहे

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आली. सालदारांची जुनी सालं फिटतील, नवी ठरतील. घागरी भरल्या जातील, निंबाला झोके चढतील आणि लेकींना आणायला मुराळी निघतील. पूर्वी मुराळी बैलगाडी जुंपायचा तेव्हा आखाला वंगण आहे ना, चाकाची धाव ढिली नाही ना, हे घरातलं म्हातारं माणूस आधी बघायचं. आता पारोळा असो की शिरपूर, मुराळी मोटारसायकलवर येतो. मागे बहीण, मध्ये एक लेकरू, टाकीवर दुसरं, हँडलला पिशव्या. टायरकडे मात्र कोणी वाकून बघत नाही.

वैशाखात जळगाव-धुळ्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि कोरड्या डांबरावर गुळगुळीत टायरही बरा चालतो. म्हणून पंक्चरवाल्याने ‘आबा, टायर गोटा झाला’ असं बोट लावून दाखवलं तरी उत्तर ठरलेलं: ‘राहू दे भाऊ, कापूस इकाई गया का टाकसू.’ कापूस विकला जातो, पैसे बियाण्याला जातात, टायर तोच राहतो. बाभळीचा काटा पुन्हा पुन्हा ट्यूबपर्यंत पोचू लागला की दोष काट्याला! काटा अडवायला रबरच उरलेलं नसतं.

मृगाच्या पहिल्या सरीला हे सगळं उघडं पडतं. टायरच्या नक्षीतल्या खाचा पाणी बाजूला सारायला असतात. त्या झिजल्या की चाक पाण्याच्या पापुद्र्यावरून सरकतं, मग ब्रेक कितीही करकचून दाबा. त्यात रस्त्यावर सांडलेलं ऑइल आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळ्या मातीचा चिखल. लळिंगच्या उतारावर किंवा बांभोरीच्या पुलाजवळ, मागे ट्रक असताना घसरलेल्या गाडीला सावरायला जागा कुठून मिळणार? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली; त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. सगळ्यांचा दोष टायरचा नव्हे, पण टायर हे आपल्या हातातलं कारण आहे.

दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर हवी, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. तो बघतो कोण? खासगी दुचाकीला पहिली १५ वर्षं फिटनेस तपासणी नाही. पीयूसीवाला धूर बघतो, नाक्यावर हेल्मेट आणि कागद. त्याच नाक्यावर टायरकडेही नजर टाकायला पोलिसांना वेगळ्या आदेशाची गरज नसावी.

मालकाला तर यंत्रही लागत नाही. टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ अशी खूण असते. तिच्या रेषेत खाचेत रबराचा छोटा उंचवटा दिसतो. नक्षी त्याच्या पातळीला आली, की टायर संपला. कडेवरच्या चार आकड्यांत जन्मतारीखही असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर उन्हाने कडक होतं, भेगाळतं. आणि मागचा नवा टाकून पुढचा तसाच रेटण्याची आपली काटकसर तर अजिबात कामाची नाही. वळण आणि ब्रेक यांची मोठी भिस्त पुढच्यावरच असते.

या मुहूर्ताला जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. एका ग्रॅम सोन्याच्या पैशांत साध्या मोटारसायकलचे दोन्ही टायर येतात आणि वर पैसे उरतात. लेकीला आणायला निघण्याआधी ते टाकून घ्या.