'हार्ट ऑफ डार्कनेस' मंडळीत वाचावे का?



यंदाच्या उपवासकाळात गोडादऱ्यातल्या आमच्या लहानशा वाचनगटाने जोसेफ कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' ही कादंबरिका वाचायला घेतली, तेव्हा मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांनी विचारले, "यात ना प्रार्थना, ना साक्ष. मग हे चर्चमध्ये कशाला?" प्रश्न रास्त आहे. आमचे मत मात्र असे झाले आहे की हे पुस्तक मंडळीनेच वाचावे. सुंदर शब्दांच्या आड काय चालले आहे हे तपासण्याची जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा जास्त आहे, कारण आपले सगळे कामच शब्दावर उभे आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. मार्लो नावाचा खलाशी एका युरोपीय कंपनीच्या नोकरीवर आफ्रिकेतल्या मोठ्या नदीतून आत जातो. तिथे कुर्ट्झ नावाचा एजंट हस्तिदंत गोळा करत असतो, त्याला परत आणायचे असते. कॉनरॅड स्वतः 1890 मध्ये काँगो नदीवर बोटीच्या कामावर होता. पुस्तक 1899 साली एका मासिकातून तीन भागांत आले. तो सारा मुलूख तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जणू खाजगी मालमत्ता होता, 1885 पासून 1908 पर्यंत. राजा जगाला सांगत होता की गुलामांचा व्यापार बंद करायचा आहे, मागासलेल्या लोकांपर्यंत प्रकाश न्यायचा आहे. प्रत्यक्षात आधी हस्तिदंत आणि मग रबर. गावाने ठरलेले रबर दिले नाही तर बायकांना ओलीस धरत, आणि झाडलेल्या गोळीचा हिशोब म्हणून शिपायांना माणसाचा कापलेला हात दाखवावा लागे.

वाचायला पुस्तक कठीण आहे, हे आधीच सांगतो. वाक्ये लांबलचक, गोष्टीत गोष्ट. पण कॉनरॅड जन्माने पोलिश, इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा, हे कळल्यावर आमच्यातल्या पुष्कळांना धीर आला. घरी अहिराणी, उपासनेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी अशी कसरत करणाऱ्यांना हा माणूस परका वाटला नाही. आमच्यातली कॉलेजला जाणारी एक ताई इंग्रजी परिच्छेद वाचते, मग सगळे मिळून तो मराठीत सांगतात. एका बैठकीत तीन-चार पाने होतात. घाई नाही.

कंपनीचे मुख्य कार्यालय ज्या युरोपीय शहरात आहे, ते शहर पाहून मार्लोला मत्तय 23 मधली चुना लावलेली कबर आठवते. बाहेरून पांढरीशुभ्र, आत हाडे. येशूने ही उपमा परुश्यांना दिली होती, म्हणजे धार्मिक माणसांना, हे आपण वाचताना सोयीस्कर विसरतो. आणि आपण सुरतकर आहोत. कतारगाम दरवाजाजवळ इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या घुमटाच्या कबरी आजही उभ्या आहेत. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सुरतेवर छापा घातला तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन तिथेच पुरलेला आहे, आणि 1691 मध्ये वारलेला डच अधिकारी व्हान रीड जवळच्याच डच कबरस्तानात. मेल्यावरही दोन कंपन्यांची चढाओढ चालू होती, असे त्या इमारती बघून वाटते. आपल्या देशातला इंग्रजांचा कारभार याच शहरातल्या एका वखारीपासून वाढला. काँगो दूर आहे, वखार दूर नाही.

पुस्तकातली एक जागा आम्ही दोनदा वाचली. रेल्वेच्या कामावरून निरुपयोगी झालेले मजूर झाडाखाली मरायला पडलेले आहेत. त्यातल्या एका तरुणाला मार्लो खिशातले बिस्किट देतो. त्याची बोटे हळूच त्यावर मिटतात. त्याच्या गळ्यात पांढऱ्या लोकरीच्या सुताचा एक तुकडा बांधलेला आहे, समुद्रापलीकडून आलेला. हा धागा कशाला, शोभेला की नवसाला, हे मार्लोला कळत नाही. आमच्या गटात लूम्सवर रात्रपाळी करणारे भाऊ आहेत, घरी साड्यांचे धागा कटिंग घेणाऱ्या मावशी आहेत. इंग्रजीच्या प्राध्यापकाला तो धागा प्रतीक वाटेल. आमच्या मावशी म्हणाल्या, "माल पोचला, माणूस पोचला नाही."

पुढे बोटीवरच्या आफ्रिकी कामगारांना आठवड्याला पितळी तारेचे तीन तुकडे पगार मिळतो. त्या तारेवर वाटेतल्या गावांत अन्न घ्यायचे, असा हिशोब. पण बोट थांबत नाही, किंवा गावच ओस पडलेले असते, किंवा लोक वैरी असतात. पगार मात्र नियमित, कागदावर एक दिवसाचीही चूक नाही. आणि कंपनीचा हिशोबनीस? कडक इस्त्रीची कॉलर, वह्या चोख, आणि खोलीत आणून ठेवलेल्या आजारी माणसाच्या कण्हण्याने बेरीज चुकते ही त्याची तक्रार. ज्यांचा हजेरीपट स्वच्छ आणि डबा रिकामा असतो, त्यांना या पानांवर टीप लागत नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. काँगोत मिशनरी होते. काही मिशन संस्था बरीच वर्षे गप्प राहिल्या, कारण केंद्रांसाठी जागा त्याच राजवटीकडून मिळायची. पण विल्यम शेपर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनऱ्याने 1899 मध्ये एका छावणीत जाऊन कापलेले 81 उजवे हात मोजले आणि ते लिहिले. पुढे त्याच्यावर बदनामीचा खटला झाला, तो सुटला. अ‍ॅलिस हॅरिस या मिशनरी बाईने 1904 मध्ये आपल्या लहान मुलीच्या तोडलेल्या हाता-पायाकडे बघत बसलेल्या बापाचा फोटो काढला. असे फोटो इंग्लंडमधल्या सभांत पडद्यावर दाखवले गेले. म्हणून कोणी शेजारी "तुमचा धर्म इंग्रजांच्या बोटीतून आला" असे म्हणतो तेव्हा शाळा-दवाखान्यांची यादी पुढे करू नये, असे आम्हाला वाटते. गप्प बसलेले आपलेच होते आणि बोललेलेही आपलेच होते, एवढे कबूल करावे. मराठी ख्रिस्ती माणसाला तर दूर जायची गरजच नाही. 1897 च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल झाले, त्यावर पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. सरकार चिडले. बाई बधल्या नाहीत.

पुस्तकाविरुद्धची मोठी तक्रारही ऐकायलाच हवी. नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांनी 1975 मध्ये अमेरिकेतल्या एका व्याख्यानात कॉनरॅडला सरळ वंशद्वेष्टा म्हटले. अचेबे यांचे वडील चर्चचे शिक्षक-प्रचारक होते, म्हणजे हा आवाजही मंडळीतून आलेला. त्यांचे म्हणणे असे की या गोष्टीत आफ्रिका हा नुसता पडदा आहे, पुढे एका गोऱ्या माणसाचे मन कोसळते. आम्ही मोजून पाहिले: आफ्रिकी माणसांपैकी एकालाही नाव नाही, आणि तोंडी वाक्ये दोन-चार. अचेबे बरोबर आहेत असे आमच्यातल्या बहुतेकांचे मत पडले. तरी पुस्तक बाजूला ठेवावे असे कोणी म्हणाले नाही. दोन्ही एकत्र वाचावे, आधी कॉनरॅड, मग अचेबे.

सर्वात जास्त वाद शेवटावर झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मरताना कुर्ट्झच्या तोंडून फक्त भयाचा उद्गार निघतो. मार्लो युरोपात परततो, कुर्ट्झच्या वाग्दत्त वधूला भेटतो, आणि ती शेवटचे शब्द विचारते तेव्हा सांगतो की त्याने तुमचेच नाव घेतले. ती रडते, तिचे समाधान होते. अर्धा गट म्हणतो, शोकात असलेल्या बाईशी माणूस आणखी काय बोलणार. उरलेले म्हणतात, याच दयेमुळे युरोपातल्या दिवाणखान्यांना काँगो कधी कळला नाही. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्याच पानांवर बसणार आहोत. रात्रपाळीवाल्यांसाठी तासभर लवकर.