एकाच सकाळी दोघांचे डोके का दुखावे?



गेल्या डिसेंबरातील एका सोमवारी वर्ध्यातील एक निवृत्त अभियंता आणि त्यांच्या पत्नी माझ्या दवाखान्यात आले. दोघांची तक्रार एकच होती. रविवारी दुपारपासून डोके जड, मळमळ, अंगात त्राण नाही. आता थोडा उतार होता इतकेच. रक्तदाब ठीक होता. बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ९८. आदल्या दिवशीच्या जेवणाची चौकशी केली आणि पित्तावरची गोळी लिहून दिली. त्या दिवशी माझे निदान चुकले, हे आधीच सांगून टाकतो.

पुढच्या सोमवारी दोघेही पुन्हा हजर. तीच तक्रार, तोच वार. या वेळी बाई म्हणाल्या, "डॉक्टर, जेवणाचे म्हणाल तर मुलगा आला होता पुण्याहून. आमच्याच ताटातले जेवला. त्याला काही झाले नाही." मग मी विचारले, रविवारी सकाळी आपण दोघेच असे काय करता? दोघांनी एकमेकांकडे पाहिले. साहेब किंचित संकोचाने म्हणाले, "आम्ही गाडीपाशी असतो."

गाडी म्हणजे कॉन्टेसा. अमेरिकेत १९६४ च्या सुमारास पाँटिअ‍ॅक जीटीओसारख्या थोराड इंजिनाच्या गाड्यांना 'मसल कार' म्हणू लागले. आपल्याकडे त्या थाटाची म्हणून जुन्या शौकिनांना आठवते ती ही लांब नाकाची गाडी. हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ मध्ये आणली. आरंभी तिला अ‍ॅम्बेसेडरचेच दीड लिटरचे इंजिन होते, त्यामुळे देह पैलवानाचा आणि दम बेताचा, अशी तिची गत होती. पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले आणि गाडीला खरा जोर आला. २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

नोकरीत असताना साहेबांना ही गाडी परवडली नव्हती. मुले बाहेरगावी स्थिरावल्यावर त्यांनी नागपूरहून एक जुनी कॉन्टेसा आणली. बाई आधी रागावल्या, मग हिशेबाची वही त्यांनी स्वतःकडे घेतली, मग आसनांची खोळ शिवायला घेतली. आता कार्ब्युरेटर उघडताना बॅटरी धरून त्याच उभ्या असतात. "घरात तीन वर्षे टीव्हीच बोलत होता," त्या मला म्हणाल्या, "आता आम्ही भांडतो तरी." निवृत्तीनंतरच्या मुक्या घरांतून येणारी निद्रानाशाची आणि अंगदुखीची दुखणी मी रोज पाहतो. त्यामुळे या छंदाचे मोल मला औषधाहून कमी वाटत नाही. म्हणूनच तो बंद करा, असे मला सांगायचे नव्हते.

झाले होते ते असे. थंडी पडलेली, इंजिनाच्या आवाजाने शेजाऱ्यांची झोपमोड नको, म्हणून गॅरेजचे शटर गुडघाभर ठेवून ते अर्धा-पाऊण तास इंजिन चालू ठेवत आणि त्याचा सूर जुळवीत. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला आवर घालणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिच्यात नसते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो आणि पेशी उपाशी राहतात. साधा ऑक्सिमीटर या दोहोंतला फरक ओळखू शकत नाही. माझा ९८ हा आकडा म्हणूनच रविवारी दुपारी लावला असता, तरी निर्धास्त होण्याजोगा नव्हता. मोकळ्या हवेत हा वायू चार-पाच तासांत निम्मा उतरतो. त्यामुळे सोमवारी रक्त तपासूनही फारसे हाती लागले नसते. निदान प्रश्न विचारूनच व्हायचे होते, आणि पहिल्या भेटीत तो प्रश्न मी विचारला नव्हता.

तेव्हा हे ध्यानात ठेवा. एकाच घरातील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखले आणि मोकळ्यावर गेल्यावर उतार पडला, तर हवेचा संशय घ्या. गाडीचे इंजिन, जनरेटर, कोळशाची शेगडी, बंद न्हाणीघरातील गॅसचा गीझर, सारे या एकाच कुळातले. माणसाला आधी मोकळ्यावर आणा. गुंगी, छातीत दुखणे, बेशुद्धी असेल तर १०८ ला बोलवा आणि संशय स्पष्ट सांगा, कारण उपचार प्राणवायूचा आहे. गर्भवती, लहान मुले आणि हृदयरुग्ण यांना धोका अधिक.

जुनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्या जोडप्यांना आणखी थोडे सांगतो. नळीने तोंडाने पेट्रोल कधीही ओढू नये. ते फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. चुकून गिळले गेल्यास उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. रंगरंगोटीच्या आधी ब्रेक, टायर आणि चारही आसनांचे पट्टे यांवर खर्च करावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते, तेव्हा कागद पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. आणि आपल्या वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला असताना, वातानुकूलन नसलेली गाडी सकाळी आठनंतर बाहेर काढू नये.

त्या दोघांची डोकेदुखी पुन्हा उद्भवली नाही. आता शटर पूर्ण उघडे असते, गाडी ढकलून अंगणात आणली जाते, आणि शेजाऱ्यांसाठी वेळ साडेनऊची ठरली आहे. जानेवारीत ते पवनारला धाम नदीकाठी जाऊन आले. परतताना दवाखान्यासमोर थांबून त्यांनी भोंगा वाजविला. बाई चालकाच्या आसनावर होत्या.