गूळ-पाणी कोणाला?

उन्हातून आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग चौकशी, ही रीत जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारसारख्या गावांना नवी नाही. तिच्यामागचे शरीरशास्त्र मात्र नीट समजून घेतलेले बरे. कारण त्याच आधारावर आता दुकानादुकानांत ग्लुकोजची पाकिटे आणि ‘एनर्जी’च्या बाटल्या खपवल्या जात आहेत.

शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करते. स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम, यकृतात १००च्या आसपास. दीड-दोन तास दमछाक झाली की हा साठा तळाला जातो. स्वीडनमधल्या बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या संशोधकांनी १९६६ मध्ये याचा प्रयोग स्वतःवरच केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेकच पाय थकेपर्यंत चालवला आणि पुढचे तीन दिवस कर्बोदकांचा आहार घेतला. थकलेल्या पायातला साठा भरून आलाच. तो विश्रांती घेतलेल्या पायाच्या दुपटीवर गेला! श्रमानंतर काही काळ स्नायूंच्या पेशी इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून पहिले काही तास मोलाचे. उसाच्या साखरेत निम्मे ग्लुकोज, निम्मे फ्रुक्टोज. यातले फ्रुक्टोज मुख्यतः यकृताकडे जाते. तरीही रिकामा साठा पुरता भरायला साधारण एक दिवस लागतो, आणि तो भाकरी-भातानेही भरतो.

पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावणाऱ्या तरुणाचा साठा एवढ्याने रिता होत नाही. अर्धा तास फिरून येऊन उसाचा रस पिणाऱ्याचा तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला सुमारे ५० ग्रॅम सांगितली आहे. मधुमेह असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूच नये.

खरी गरज आहे ती ऊसतोड मजुरांना. पहाटे फडात उतरायचे, बिबट्याच्या धास्तीत कोयता चालवायचा, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. आणि गाडी रात्री आली तर झोपही गेली. साखर ज्यांच्या हातून कारखान्यापर्यंत जाते, त्यांचाच साठा भरायला सवड मिळत नाही. गुळाचा खडा तेवढ्यापुरता उपयोगी पडेल. पण पोटभर जेवण, स्वच्छ पाणी आणि सलग झोप यांची भरपाई त्याने होणार नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी मुकादम, शेतकरी आणि कारखाने यांनी बसून निदान जेवणाची सुट्टी आणि रात्रीच्या भरणीची वेळ तरी ठरवून घ्यावी.