गाडी किंचाळते, तेव्हा...

पावसाळ्यातली सकाळ. चावी फिरवली आणि बॉनेटखालून अशी किंकाळी फुटली, की सोसायटीतल्या दोन-चार खिडक्या उघडल्या. अर्ध्या मिनिटात आवाज बंद. गृहस्थ निश्चिंत मनानं ऑफिसला रवाना! चार दिवसांनी पुन्हा तेच. बायको म्हणते, ‘‘अहो, एकदा दाखवून तरी घ्या.’’ उत्तर ठरलेलं : ‘‘चालतेय ना? मग झालं!’’

गाडी चालतेय, हे खरं. पण तिची ही किंकाळी बहुतेक वेळा बेल्टची असते आणि बेल्टचं दुखणं वेळीच ओळखलं, तर ते अगदी स्वस्तात निभावतं. दुर्लक्ष केलं, तर हाच रबरी पट्टा भर घाटात गाडी उभी करू शकतो.

हा पट्टा करतो तरी काय? इंजिनाच्या एका टोकाला असलेली पुली फिरते आणि तिच्यावरून गेलेला पट्टा इतर पुल्या फिरवतो. अल्टरनेटर (मिस्त्री लोक अजूनही त्याला डायनॅमो म्हणतात) बॅटरी चार्ज करतो तो याच पट्ट्याच्या जोरावर. एसीचा काँप्रेसर, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा पंप, ही सगळी मंडळीही त्याच्याच भरवशावर. रेडिएटरचा पंखा बहुतेक मोटारींत आता विजेवर फिरतो, तरी ‘फॅन बेल्ट’ हे नाव काही सुटलेलं नाही. पूर्वी दोन-तीन वेगवेगळे पट्टे असत. आता अनेक गाड्यांत खाचांचा एकच लांबलचक पट्टा सगळ्यांना फिरवतो. म्हणजे तो तुटला, की सगळंच एका दमात ठप्प!

आवाज कसला? आणि केव्हा?

नुसतं ‘गाडी आवाज करते’ एवढंच सांगितलं, तर मिस्त्री अंधारात तीर मारणार. त्याला आवाज कसा आहे आणि केव्हा येतो, हे सांगायला हवं.

गाडी सुरू करताना, दमट हवेत किंवा एसी आणि हेडलाइट लावल्याबरोबर लांब किंकाळी येत असेल, तर पट्टा पुलीवर घसरतोय असं समजा. तो सैल झालाय, झिजलाय किंवा गुळगुळीत पडलाय.

चिमणीसारखी ठरावीक तालात चिवचिव येत असेल, तर बहुधा एखादी पुली सरळ रेषेत नाही. पट्टा तिच्यावर किंचित तिरका चढतो आहे.

घरघर किंवा गुरगुर येत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ती वाढत असेल, तर संशय बेअरिंगवर : अल्टरनेटरचं, पाण्याच्या पंपाचं किंवा पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं. एसी लावल्यावरच आवाज येतो आणि बंद केल्यावर थांबतो? मग काँप्रेसर किंवा त्याचा क्लच तपासायला सांगा.

फटफट असा फटका मारल्याचा आवाज म्हणजे पट्ट्याच्या कडेचे धागे सुटलेत. इथे एक दिवसही थांबू नये.

प्रत्येक आवाज पट्ट्याचाच असतो असंही नाही. बारीक टकटक टॅपेटची किंवा कमी झालेल्या ऑइलची असू शकते. खोल, जड खटखट येत असेल आणि ऑइलचा लाल दिवाही लागला असेल, तर गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेऊ नका. इंजिन तिथेच बंद करून टोइंगवाल्याला बोलवा.

घरच्या घरी तपासणी

इंजिन बंद, गार आणि चावी खिशात, हा पहिला नियम. चालू इंजिनात डोकावताना ओढणी, पदर, मोकळे केस, लोंबती चेन यातलं काही पट्ट्याजवळ जाता कामा नये. विजेवरचा पंखा तर काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही अचानक फिरू लागतो.

टॉर्च घेऊन पट्टा पाहा. भेगा, सुटलेले धागे, तुकडा निघालेल्या खाचा, काचेसारखी चकाकी किंवा ऑइलचा ओलेपणा दिसला, तर पट्टा बदलायची वेळ आली. मात्र नव्या धर्तीच्या रबराला सहसा भेगा पडत नाहीत, ते टायरसारखं झिजत जातं. तेव्हा ‘भेग नाही म्हणजे पट्टा ठणठणीत’ असं समजू नका.

पट्टा घसरू नये म्हणून त्यावर मारायचा स्प्रे मिळतो. आवाज थांबतो, कारण तसंच राहतं. तापावर नुसती गोळी घेण्यातला प्रकार! पट्टा जरुरीपेक्षा जास्त आवळणंही चूक. त्यानं बेअरिंगं लवकर जातात.

नवा पट्टा टाकूनही आठवड्याभरात किंकाळी परत आली, तर दोष पट्ट्याचा नसतो. टेन्शनर, पुल्या आणि कुठून ऑइल किंवा कूलंट ठिबकतंय का, हे मिस्त्रीला आवर्जून पाहायला सांगा. खरं म्हणजे पट्टा काढलेला असतानाच प्रत्येक पुली हातानं फिरवून बघायची असते. खरखर लागली, तर बेअरिंग गेलं!

वाटेत पट्टा तुटला तर?

आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो. हायड्रॉलिक स्टिअरिंग एकदम जड होतं. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असेल, तर तापमानाचा काटा भराभर चढतो. अशा वेळी ‘पुढच्या गावापर्यंत तरी जाऊ’ हा विचार सर्वांत महाग पडतो. इंजिन तापलं, की हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं आणि पट्ट्याच्या कितीतरी पट खर्च मानगुटीवर बसतो. स्टिअरिंग घट्ट धरून गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, कुटुंबाला रस्त्यापासून दूर उभं करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला मात्र कुणालाही देऊ नका. उकळतं पाणी थेट अंगावर उडतं.

जो ओरडत नाही, तो जास्त घातक

काही इंजिनांत टायमिंग बेल्ट नावाचा दुसराच पट्टा कव्हरच्या आत दडलेला असतो. २०१४मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८००मध्येही तो होता. हा पट्टा अनेकदा काहीही इशारा न देता तुटतो आणि कित्येक इंजिनांत मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणून तो आवाजावरून नव्हे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटर आणि वर्षांप्रमाणे बदलायचा. गाडी जुनी घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे हा पट्टा बदलल्याची नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असं धरून चाला. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. आपल्या गाडीत काय आहे, तेवढं आधी विचारून घ्या.

यापुढे गाडी ओरडली, की रेडिओचा आवाज वाढवण्याऐवजी तो बंद करा आणि कान द्या. थंड असताना की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की चालत्या? एसी लावल्यावर की नेहमीच? एवढं चिठ्ठीवर लिहून मिस्त्रीच्या हातात दिलंत, तर त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसे!