दहा हजारांतले आपले किती?

बार्शीहून सोलापूरकडे निघाले की वाटेत वैराग लागते. तेथे माझा भाचा जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून देतो. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"मामा, जाहिरातवाले म्हणतात, 'मोटार रिवायंडिंग' हे शब्द गूगलवर महिन्याला दहा हजार वेळा शोधले जातात. महिना सहा हजार दिले की आपले नाव वर! हिच्या पाटल्या गहाण ठेवून वर्षाचे एकदम भरावे म्हणतो."

पाटल्यांचे नाव निघाले आणि मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.त बसलो.

आकडा खोटा नव्हता. पण तो साऱ्या देशाचा होता. कानपूरचा माणूस जळकी मोटार घेऊन वैरागला येणार थोडाच! गूगलच्या 'कीवर्ड प्लॅनर'मध्ये जागा निवडता येते. आम्ही सोलापूर जिल्हा निवडला. उत्तर आले, 100 ते 1000. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला तेथे असा ढोबळ पट्टाच दिसतो. मग शब्दांपुढे 'वैराग' जोडले, तर रकान्यात नुसती आडवी रेघ! भाच्याचा चेहरा उतरला.

पण वाचकहो, आडवी रेघ म्हणजे गिऱ्हाईक नाही असे नव्हे. थोडे शोध त्या मापात मावत नाहीत, एवढेच. शिवाय वैरागात उभा असलेला माणूस गावाचे नाव लिहितो कशाला? तो कोठे आहे, हे त्याच्या फोनला ठाऊकच असते.

तेव्हा आम्ही कागद-पेन्सिल घेतली. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 43 लाखांवर होती. वैराग आणि आसपासची खेडी मिळून 43 हजार माणसे धरली, तर आपला वाटा शंभरावा. म्हणजे महिन्याला 1 ते 10 शोध. शेतीच्या मोटारी खेड्यांत जास्त, म्हणून दुप्पट करू. 2 ते 20. त्यांतला चौथा हिस्सा दुकानी आला, तर फार तर 5 गिऱ्हाइके. एका मोटारीमागे काय सुटते ते भाच्याने मनातल्या मनात गुणले आणि पाटल्यांचा विषय मिटला.

इतक्यात चहा घेऊन आलेली सूनबाई म्हणाली, "पण मामा, रिवायंडिंग म्हणतो कोण? फोनवर सगळे 'मोटर जळलीय' असेच सांगतात."

आम्ही दोघे शहाणे एकमेकांकडे पाहात राहिलो! हिशेब केला होता तो दुकानदाराच्या शब्दाचा. गिऱ्हाइकाचा शब्द निराळाच होता. कोणी मराठीत लिहितो, कोणी इंग्रजी अक्षरांत, कोणी नुसते बोलतो. त्या साऱ्यांची बेरीज करावयास हवी.

त्या दिवसापासून गल्ल्यापाशी एक वही आहे. येणाऱ्याला विचारावयाचे, "दुकान कसे कळले? फोनमध्ये काय शोधले?" गूगलवर दुकानाची नोंद फुकट होते, तीही केली. कोणत्या शब्दांनी लोक आपल्यापर्यंत पोचले, हे ती नोंद मालकाला दाखवते. वही आणि ती नोंद ताडून पाहिली की, स्वतःच्या गावाचा आकडा हळूहळू हाती येऊ लागतो.

यंदा लक्ष्मीपूजनाला चोपड्यांशेजारी ही वहीही मांडली जाईल. तिला हळदकुंकू वाहणाऱ्या हातांत पाटल्या असतील.