मोंडुरानची सहल पुढेही होणार



मोंडुरान जलाशयावरच्या मासेमारीच्या सहलीवरून गेले काही आठवडे मंडळात जे चालले आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोण कोणाला काय म्हणाले हे इथे पुन्हा उगाळत नाही. गटावरच्या प्रत्येक संदेशाला उत्तर द्यायचे नाही, सांगायचे ते वार्तापत्रातून एकदाच आणि सविस्तर सांगायचे, असे कार्यकारिणीने ठरवले होते. त्याप्रमाणे हे लिहीत आहोत. ज्यांनी सहलीला विरोध केला ती मंडळाची जुनी, कामाची माणसे आहेत. गणपतीत स्वयंपाकघराची जबाबदारी हीच मंडळी उचलतात. त्यांच्याविषयी कार्यकारिणीत कोणाच्या मनात अढी नाही आणि हे वाचून त्यांनीही ती धरू नये.

चातुर्मासात मंडळाने मासेमारीची सहल काढावी का, कार्तिकीपर्यंत थांबायला काय हरकत होती, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला गेला. दसरा आणि दिवाळी यांच्या मधला शनिवार-रविवार आम्ही निवडला तो माशाचे आणि पाण्याचे वेळापत्रक पाहून. बारामंडी हा उष्ण पाण्यातला मासा. पाणी वीस अंशांच्या खाली गेले की तो सुस्तावतो, आमिषाकडे ढुंकून पाहत नाही. मोंडुरान त्याच्या प्रदेशाच्या दक्षिण टोकाकडे असल्यामुळे जून ते ऑगस्ट तिथे मुलांना घेऊन जाण्यात काही अर्थ नाही. सप्टेंबर सरता सरता पाणी तापू लागते, मासा काठाजवळ येतो. नोव्हेंबर उजाडला की वादळी पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरात निम्मे मंडळ भारतात असते. पूर्व किनाऱ्यावरच्या नद्यांत आणि समुद्रात १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी बारामंडी पकडायला बंदी असते, कारण तो त्याचा अंडी घालण्याचा काळ. मोंडुरानसारख्या, पिल्ले आणून सोडलेल्या धरणांना ती बंदी लागू नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांनी दाखवून दिले ते बरोबरच आहे. पण कायद्याची मुभा असली तरी विजांच्या कडकडाटात लहान मुलांना होडीत बसवायची आमची तयारी नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांचा विचार करूनच दोन्ही दिवसांचे जेवण पूर्ण शाकाहारी ठेवले होते. शनिवारी रात्री पिठलं, भाकरी, ठेचा आणि रविवारी मसालेभात. त्यात कांदा-लसणाशिवायचे पातेले वेगळे होते.

मंडळाने गणपती, दिवाळी, संक्रांत आणि नाटक एवढेच पाहावे, असेही काहींचे मत आहे. हे मत आम्हाला मान्य नाही आणि ते स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आपल्या कार्यक्रमांना बारा-तेरा वर्षांनंतरची मुले येईनाशी होतात, हे गेली कित्येक वर्षे प्रत्येक सर्वसाधारण सभेत बोलले जाते. आली तरी सभागृहाच्या मागच्या खुर्च्यांवर फोन घेऊन बसतात. ही मुले मोंडुरानला आली आणि आई-वडिलांच्या शेजारी तासन्‌तास उभी राहिली. ती इथे, क्वीन्सलंडमध्ये वाढत आहेत. त्यांच्या वर्गातली मुले आजोबांबरोबर धरणावर जातात, होडी पाण्यात कशी उतरवायची हे त्यांना येते. आपल्या मुलांनाही ते यावे, आणि मराठी बोलत बोलत यावे, ही आमची मनापासूनची इच्छा आहे.

तिथे काय शिकवले जाते याविषयी बरेच गैरसमज दिसले, म्हणून थोडे तपशिलात लिहितो. मोंडुरान म्हणजे कोलन नदीवरच्या फ्रेड हेग धरणाचा जलाशय, जिन जिनपासून जवळ, बंडाबर्गच्या उसाला पाणी देणारा. त्याचे पाणी असंख्य फाट्यांत शिरलेले आहे आणि त्यात बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे जागोजाग उभे आहेत. मुलांच्या हातात पहिल्या तासाला रॉड दिलाच नाही. वारा कुठून येतो ते बघा, एवढेच सांगितले. दिवसभर वारा एकाच दिशेने वाहिला की वरचे तापलेले पाणी त्या बाजूच्या काठाला साचते. त्यामागे बोनी ब्रीम नावाचे लहान मासे जातात आणि त्यांच्या मागे बारामंडी. ज्या काठावर वारा तोंडावर येतो आणि उभे राहायला त्रास होतो, तोच काठ बहुतेक वेळा चांगला. मुलांनी हे दोन दिवसांत आपल्या डोळ्यांनी पाहिले.

शनिवारी सूर्य मावळताना नववीतल्या एका मुलीच्या ल्यूरला (नकली आमिषाला) मासा लागला. रीळ करकरत सुटले, दोर सरळ वाळक्या झाडांकडे निघाला. मग तो मासा अख्खा पाण्याबाहेर उसळला, तोंड उघडे, कल्ले फाकलेले, आणि हवेतच त्याने डोके असे झाडले की ल्यूर काठावर येऊन पडला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. तिच्या वडिलांनी काही न बोलता दोर गुंडाळला आणि त्याचा शेवटचा वीतभर भाग तिच्या बोटांना लावून दाखवला. तो पार खरबरीत झाला होता. बारामंडीचे दात बारीक असतात, पण तोंडाची आतली बाजू कानशीसारखीच असते आणि कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडइतकी धारदार. म्हणून दोराच्या टोकाला साठ पौंडांचा जाड लीडर बांधतात आणि प्रत्येक झटापटीनंतर तो तपासतात. खराब झालेला तुकडा तिनेच कापला, गाठ तिनेच पुन्हा मारली. मासा उसळू लागला की रॉडचे टोक पाण्याकडे झुकवायचे, हेही तेव्हाच कळले. वडील आणि मुलगी अर्धा तास एका गाठीवर बोलत होते. मंडळाच्या खर्चाचा याहून चांगला उपयोग आम्हाला सुचत नाही.

रात्री दुसऱ्या कुटुंबाला एक मासा मिळाला, ७१ सेंटिमीटरचा. बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे लालभडक दिसले तेव्हा धाकटी मुले मागे सरली. पेणहून मुलाकडे आलेले एक आजोबा मात्र पुढे झाले. "अरे, हा तर जिताडा!" म्हणाले. आजोबांचे बरोबर होते. बारामंडी, रायगडचा जिताडा, गोव्याची चोणक आणि बंगालची भेटकी हा एकच मासा. आजोबांनी मग खारेपाटातल्या तळ्यांची पद्धत सांगितली. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्ले आणायची, घरच्या किंवा गावच्या तळ्यात सोडायची, वर्षानुवर्षे वाढू द्यायची आणि घरात कार्य असले किंवा मानाचा पाहुणा आला की काढायची. पाग (फेकायचे जाळे) टाकून दाखवू का, असेही त्यांनी विचारले. क्वीन्सलंडमध्ये गोड्या पाण्यात पाग टाकायला परवानगी नाही हे समजल्यावर त्यांनी मुलांना मासा धरायचा कसा ते शिकवले. हात आधी ओले करायचे, एक हात जबड्याशी, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. जबड्याला धरून उभा लटकवला की स्वतःच्या वजनाने त्याला आतून इजा होते. नंतर त्यांनी तो पाण्यात तोंड पुढे करून धरला. शेपटीचा जोर आला तसा मासा हातातून निघून गेला.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. मंडळाच्या सहलीत पकडलेला मासा सोडून द्यायचा, हा नियम कार्यकारिणीने केला आणि त्यावर दोन्हीकडून नाराजी आली. अलिबाग-मालवणकडचे सभासद म्हणाले, जिताडा हातात आल्यावर सोडतो कोण? शाकाहारी सभासद म्हणाले, खायचा नाही तर त्या जिवाला त्रास कशाला? दोन्ही म्हणणी प्रामाणिक आहेत आणि दोन्हींवर आम्ही बराच वेळ चर्चा केली.

नियमाच्या बाजूने काही जणांनी असे लिहिले की मोठी मादी सोडली म्हणजे धरणात मासे वाढतात. हेतू चांगला असला तरी धरणाला हे लागू पडत नाही. बारामंडी जन्मतो तो बहुधा नर म्हणून, काही वर्षांनी मोठा झाल्यावर त्याची मादी होते, आणि मीटरभर लांबीचे मासे जवळजवळ सगळे माद्याच असतात. पण अंडी घालायला तिला खारे पाणी लागते. धरणात हा मासा जगतो, झपाट्याने वाढतो, पण त्याची पुढची पिढी तिथे होत नाही. मोंडुरानमधला प्रत्येक बारामंडी बोटुकली असताना कोणीतरी आणून सोडलेला आहे. २०१० साली याच जलाशयात ४४.६४ किलोचा विक्रमी मासा मिळाला, आणि २०१०-११ व २०१३ च्या पुरांत भिंतीवरून पाणी गेले तेव्हा मोठाले मासे पाण्याबरोबर नदीत निघून गेले. स्थानिक गटांनी पुन्हा पैसे जमवले, पुन्हा बोटुकल्या सोडल्या. आज आपली मुले जो मासा पाहतात तो या लोकांच्या चिकाटीचा आहे.

आमचा निर्णय यावर उभा आहे. कायद्याने ५८ सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा ठेवता येतो आणि माणशी पाचपर्यंत ठेवता येतात. पण इतरांनी मासे वाढवलेल्या पाण्यावर आपण पन्नास-साठ जण एकदम जाणार, तेही शिकायला, तेव्हा पहिल्याच भेटीत शीतपेट्या भरून परत यावे हे आम्हाला शोभणारे वाटत नाही. शिवाय मासे कापले जाणार असतील तर मंडळातली बरीच कुटुंबे येऊच शकणार नाहीत. ज्यांना जिताडा खायचा आहे त्यांनी स्वतःच्या परवान्यावर, दुसऱ्या दिवशी जरूर पकडावा. त्यात काही गैर आहे असे कार्यकारिणी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. जिवाला त्रास होतो या मुद्द्यासाठी गळाचे काटे पक्कडीने दाबून बोथट केले होते आणि फोटोसाठी मासा पाण्याबाहेर ताटकळत ठेवायचा नाही असे बजावले होते. एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. त्यांनी रॉड हातात न घेता यावे; पहाटेच्या फेरीला आणि स्वयंपाकाला माणसे कमीच पडतात.

हे सगळे सांगितल्यावर उपस्थितीबद्दलही बोलले पाहिजे. नाव नोंदवलेल्यांपैकी निम्मी कुटुंबेसुद्धा आली नाहीत. ब्रिस्बेनहून चार तासांहून जास्त गाडी चालवावी लागते हे नोंदणी करतानाही माहीत होते. केबिनचे आगाऊ पैसे गेले, होड्या रिकाम्या राहिल्या, भाकऱ्या उरल्या. पहाटे उठून त्या भाकऱ्या ज्यांनी थापल्या त्यांना काय वाटले असेल याचा विचार व्हावा. शुक्रवारी रात्री गटावर मगरीचा एक व्हिडिओ फिरला आणि तो पाहून चार-पाच कुटुंबांनी बेत रद्द केला, असे कळते. सरकारी माहितीप्रमाणे मगरींचा प्रदेश ग्लॅडस्टनजवळच्या बॉइन नदीपासून उत्तरेला सुरू होतो, आणि मोंडुरान त्याच्या दक्षिणेला आहे. शंका असेल तर कार्यकारिणीतल्या कोणालाही फोन करावा. व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तरी नक्की करावा. आजारपण किंवा ड्यूटी निघालेल्यांबद्दल ही तक्रार नाही, हे त्यांना माहीत आहे.

पुढच्या वर्षीही सहल दसऱ्यानंतरच होईल. आगाऊ रक्कम भरल्याशिवाय केबिन धरली जाणार नाही आणि शेवटच्या आठवड्यात नाव काढल्यास ती परत मिळणार नाही. मोठ्यांनी धरणात मासेमारीसाठी लागणारा परवाना निघण्याआधी ऑनलाइन काढायचा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही. परवान्याच्या पैशातला मोठा भाग बोटुकल्या सोडणाऱ्या स्थानिक गटांकडे जातो, तेव्हा ‘कोण बघतंय’ म्हणून तो टाळू नये. मंडळाच्या शिलकीतून अशाच एका गटाला देणगी द्यावी, असा ठराव सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. विरोध असणाऱ्यांनीही सभेला येऊन बोलावे. गणसंख्येअभावी सभा तहकूब करण्याची वेळ पुन्हा येऊ नये.

गाठी मारण्याचा सराव मराठी शाळा सुटल्यावर, त्याच सभागृहात, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होईल. आई-वडिलांपैकी एकाने थांबणे आवश्यक आहे, कारण मुलांना घरी पुन्हा तेच करून दाखवायचे असते. होडी चालवण्याचा परवाना असलेल्या सभासदांनी नावे कळवावीत, यंदा दोघांवरच सगळा भार पडला. ४.८ मीटरपेक्षा लहान उघडी होडी चालू असताना बारा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणे कायद्याने बंधनकारक आहे. मंडळाने घेतलेल्या लहान मापाच्या जॅकेटांपैकी काही अजून परत आलेली नाहीत. ज्यांच्या गाडीत ती राहिली असतील त्यांनी धुऊन, वाळवून दिवाळीच्या कार्यक्रमाला आणावीत आणि प्रवेशद्वाराशी खजिनदारांकडे द्यावीत.