हिरव्या ठिपक्याची सीमा

तुमसरच्या बाजारपेठेत बिस्किटाचा पुडा घेताना गृहिणीची दृष्टी प्रथम त्यावरील ठिपक्याकडे जाते. हिरवा असेल तर पुडा पिशवीत जातो, तपकिरी खूण असेल तर ज्याचे त्याने ठरवावे. केंद्र सरकारने २००१ साली ही खूण अनिवार्य केली, तेव्हा कोट्यवधी शाकाहारी कुटुंबांची मोठी चिंता दूर झाली. परंतु या ठिपक्याची सत्ता मद्याच्या बाटलीपाशी संपते, हे किती जणांना ठाऊक आहे?

पाश्चात्त्य देशांत बिअरमध्ये काय काय शिजू लागले आहे, ते वाचून किळस यावी. २०१२ साली अमेरिकेतील डेन्व्हरच्या विन्कूप या मद्यनिर्मात्याने बैलाचे वृषण घालून बिअर केली. २०१४ साली फिलाडेल्फियात डॉक स्ट्रीटने बकऱ्याचा मेंदू वापरला, तर त्याच वर्षी आइसलँडमध्ये देवमाशाच्या अवशेषांची भुकटी बिअरमध्ये गेली. हे प्रकार विक्षिप्त खरे, पण ते जाहिरात करून विकले गेले. त्यांत फसवणूक नव्हती.

खरी काळजी आहे ती न सांगता वापरल्या जाणाऱ्या घटकांची. माशाच्या पोटात त्याला तरंगत ठेवणारी हवेची पिशवी असते. ती वाळवून केलेला 'आयसिंग्लास' हा पदार्थ इंग्लंडादी देशांत बिअर निवळण्यासाठी पिढ्यान् पिढ्या वापरला गेला. बिअरमधील यीस्टचे कण त्याला चिकटून तळाशी बसतात. बहुतेक आयसिंग्लास गाळाबरोबर जातो, अंश मात्र उरू शकतो. युरोपात मत्स्यजन्य पदार्थांची सूचना वेष्टनावर द्यावी लागते, पण बिअर व वाईन निवळण्यासाठी वापरलेल्या आयसिंग्लासला त्यातूनही सूट आहे! गिनेससारख्या बलाढ्य कंपनीने त्याचा त्याग करण्याचे जाहीर केले, ते २०१५ साली.

आपल्याकडे काय स्थिती आहे? २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने मद्याचा समावेश 'अन्न' या व्याख्येत केला. पण २०२० च्या वेष्टनविषयक नियमांनी शाकाहारी-मांसाहारी खुणेतून पाणी, दूध आणि मध यांच्याच पंक्तीत मद्यालाही वगळले. दूध कोठून येते हे लहान मूलही सांगेल. मद्य कशाने निवळले, हे पिणारा तरी सांगू शकेल काय? अंश नगण्य आहे, असा बचाव केला जातो. तो टिकणारा नाही. कोणताही घटक वनस्पतिजन्य की प्राणिजन्य हे उघड करावे, प्रमाण कितीही अल्प असो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२१ रोजी अन्नपदार्थांबाबत बजावले आहे.

मद्यपानाला विरोध करणाऱ्यांनी बाटलीवरील खुणेची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदावर आमची निष्ठा आहे, आणि घराघरांतून व्यसन हद्दपार व्हावे हीच आमची इच्छा. तथापि तुमसर-भंडाऱ्याची मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूस आणि परदेशी जातात. तेथे स्थानिक बिअरगृहांची रेलचेल आहे. त्यांतील कोणी मोहाला बळी पडला, तरी त्याच्या गळ्यातील तुळशीच्या माळेशी प्रतारणा करण्याचा परवाना व्यापाऱ्याला मिळत नाही. यात मत्स्याहारींचा उपमर्द नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा, येथील अनेक घरांत मासळी रोजचे अन्न आहे. ते बांधव जाणून खातात.

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. मद्याच्या बाटलीवर हिरवा ठिपका मुळीच नको. तो व्यसनाला सात्त्विकतेचे प्रमाणपत्र ठरेल, आणि विक्रेते त्याचीच जाहिरात करतील. मात्र निर्मितीच्या कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य पदार्थ वापरला असेल, तर तपकिरी खूण आणि त्या पदार्थाचे नाव भारतीय भाषांत सक्तीचे करावे. आयात मालालाही तोच नियम लागू व्हावा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाला यासाठी नवा कायदा नको, नियमातील सूट तेवढी काढायची आहे. भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा, आणि ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांनी तशी निवेदने त्यांच्याकडे पोहोचवावीत.